पिवळ्या टोपीवाल्याची नदी

राधाकृष्ण नरसीकर शिडीवरून पडले तेव्हा त्यांच्या तोंडी "आता आलं का?" हा प्रश्न होता, आणि खालच्या चारही घरांतून एका आवाजात उत्तर आलं होतं, "गेलं!" हे उत्तर टीव्हीच्या चित्राबद्दल होतं, आपल्याबद्दल नव्हतं, हे त्यांना दवाखान्यात प्लॅस्टर ओलं असताना उमगलं. तरी मनाला लागायचं ते लागलंच. चार घरांसाठी माणूस अँटेना फिरवायला चढतो, अँटेनासकट खाली येतो, आणि लोक धावत येऊन आधी अँटेना उचलतात!

अँटेना चौघांत एकच होती. हिंगोलीच्या त्या गल्लीत शेषरावांनी चार बिऱ्हाडांची बैठी ओळ बांधली होती. शेषराव एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोर अख्खं बसस्थानक असल्यासारखे बोलायचे. वानरं येऊन प्रत्येकाची अँटेना वाकवतात, म्हणून एकच उंच खांब रोवायचा आणि वरून चार वायरी सोडायच्या, ही योजना त्यांचीच. योजना चांगली होती. फक्त वारा सुटला की चौघांचं चित्र एकदम जायचं, आणि शिडी चढायला पुढं व्हायचे एकटे नरसीकर, कारण त्यांना बसवत नसे.

बसवत नसे, हे अगदी शब्दशः घ्यायचं. पाटबंधारे खात्यात ते वरिष्ठ लिपिक होते. सरकारनं खुर्ची दिली होती, पण तिचा त्यांना फारसा उपयोग नव्हता. दुसऱ्याच्या टेबलावरच्या फायली सरळ कर, कॅलेंडरचं पान उलट, साहेबांची खुर्ची पंख्याच्या बरोबर मध्यावर आण, यातच त्यांचा दिवस जायचा. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "दीड महिना पाय हलवायचा नाही."

पहिल्या दोन दिवसांत त्यांनी वर्तमानपत्र निविदा-सूचनांसकट वाचून काढलं. मग पलंगावरूनच कुबडीनं भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या. त्यातली एक खाली आली.

"अहो," त्यांच्या पत्नी प्रेमावहिनी काचा गोळा करत म्हणाल्या, "पाय मोडलाय ना तुमचा? मग जरा मोडल्यासारखं वागा की!"

वहिनींचा शिवणक्लास होता. दुपारी बाराला त्या जायच्या ते पाचला यायच्या. मुलं, पुष्कर आणि जाई, शाळेत. घरात नरसीकर आणि शटरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. खांब गच्चीवर आडवा पडला होता आणि बाजारातला अँटेनावाला "आज येतो, उद्या येतो" करून राहिला होता. त्याचंही खरं होतं. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. नवे साहेब, नवे बंगले, आणि प्रत्येक बंगल्यावर आधी अँटेना. शेषरावांच्या ओळीचा नंबर केव्हा लागायचा?

अशात नरसीकरांची नजर कपाटाच्या माथ्यावर गेली. तिथं व्हिडिओ गेम ठेवलेला होता.

तो ठेवला होता नरसीकरांनीच. भाऊबीजेला वहिनींच्या भावानं नांदेडहून भाच्यासाठी आणला, आणि नरसीकरांनी एक भाषण करून तो वार्षिक परीक्षेपर्यंत जप्त केला. भाषण चारही घरांना ऐकू गेलं होतं. या यंत्राबद्दल त्यांची मतं पक्की होती, कारण त्याची सगळी वाटचाल त्यांनी दुरून, नाक मुरडत पाहिली होती. तरुणपणी मुलाखतीला मुंबईला गेले असताना आतेभावाकडे त्यांनी पहिला डबा पाहिला. टीव्हीवर दोन उभ्या काड्या आणि मधे एक ठिपका. काडीनं ठिपका परतवायचा. त्याला टेनिस म्हणायचं! त्यासाठी वाड्यातली शहाणीसुरती माणसं दाराबाहेर चपला काढून नंबर लावत होती. पुढं एका साहेबांच्या मुलाकडे दांडी फिरवायचं काळं यंत्र आलं. त्यात ठिपक्याला विमान आणि चौकोनाला रणगाडा समजायचं होतं. मग हातात धरून विटा रचायचं खेळणं निघालं आणि बघता बघता आखाडा बाळापूरच्या बाजारात कंगव्यांशेजारी विकायला आलं. आणि आता हे मेहुण्याचं करडं खोकं. दोन रिमोट आणि वरून खुपसायची कॅसेट. काडीचा माणूस झाला होता आणि ठिपक्याची गोळी. वीस वर्षांत मानवजातीनं एवढंच केलं, असं नरसीकरांचं म्हणणं होतं.

पण त्या कॅसेटवर छापलं होतं, 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ'. हा आकडा त्यांच्यातल्या लिपिकाला दिवाळीपासून टोचत होता. एवढे खेळ त्या तळहाताएवढ्या डबीत मावतील कसे? पडताळणी व्हायला हवी. खेळायचं नव्हतंच. फक्त तपासणी.

त्यांनी कुबडीनं खोकं ओढलं. ते आलं आणि प्लॅस्टरवर पडलं. कळ मस्तकात गेली, पण यंत्र शाबूत राहिलं. टीव्हीला जोडायची जी छोटी डबी असते ती सापडेना. तेव्हा त्यांनी अँटेनाच्या वायरीचं टोक सोललं, यंत्राच्या वायरीचं टोक सोललं, दोन्हींना पीळ दिला, ती टीव्हीच्या पाठीत खुपसली आणि वर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली. सरकारी कामात एवढी तत्परता त्यांनी कधी दाखवली नव्हती.

तपासणीचा निष्कर्ष तासाभरात निघाला. खेळ एकूण सहा होते आणि तेच ते नावं बदलून फिरत होते. तपासणी इथं संपायला हवी होती. पण सहावा खेळ त्यांनी जरा जास्त बारकाईनं तपासला.

त्यात एक बुटका टोपीवाला होता. तो पळायचा, झुडपं ओलांडायचा, घुबडं चुकवायचा आणि एका नदीशी यायचा. नदीत मगरी. एका मगरीच्या पाठीवरून दुसरीच्या पाठीवर उड्या मारत पार जायचं. मगर मधेच बुडी मारायची, आणि तिच्याबरोबर टोपीवाला. तीन जीव मिळायचे. नरसीकरांचे तिन्ही जीव तिसऱ्या मगरीवर जायचे.

त्या दिवसापासून वहिनींच्या चपला फाटकाबाहेर वाजल्या की नरसीकर टीव्हीचं शटर उघडायचे आणि पाचच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायचे. वायर मात्र जोडलेलीच ठेवून वर टेबलक्लॉथ ओढायचे. जेवताना अंगठा आपोआप ताटाच्या काठावर चालायचा. झोपेत प्लॅस्टरचा पाय उडी घ्यायचा. आठवडा गेला, पण तिसरी मगर काही ओलांडली नाही.

एका संध्याकाळी शेषराव आजाऱ्याची चौकशी करायला आले. बरोबर शेजारचे रूपसिंग राठोड सर. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरून त्यांची आई जमनाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे येऊन राहिली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला.

"नरसीकर, खबर ऐका!" शेषराव चौथ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या टीव्हीवर चित्र येऊन राहिलं."

"अँटेना बसवली?"

"कुठली? खांब आडवाच हाय. तरी रोज दुपारी चित्र येतं. आता माझं डोकं पाहा. आपला जिल्हा झाला का न्हाई? झाला. मंग जिल्ह्याला सोताचं चॅनल नको? हे हिंगोलीचं चॅनल हाय! ट्रायल चालू हाय."

"पण तक्रार हाय," राठोड सर म्हणाले. "एकच मालिका दाखवून राहिलेत. पुढं सरकतच न्हाई."

"म्हणून तुमच्याकडं आलो. तुमी सरकारी माणूस. टॉवरवाल्यांना एक अर्ज लिहा, कडक भाषेत."

नरसीकरांना दीड आठवड्यात पहिल्यांदा कोणी काम सांगितलं होतं. त्यांनी उशीला टेकून कागद घेतला, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' हे झोकात लिहिलं आणि विचारलं, "मालिकेचा विषय काय?"

"एक पिवळ्या टोपीचा बुटका हाय," शेषराव म्हणाले.

नरसीकरांनी 'पिवळ्या टोपीचा बुटका इसम' असं लिहिलं. त्यांच्या टीव्हीवर टोपी करडी दिसायची, म्हणून त्यांना काहीच वाटलं नाही.

"पळत असतो. झुडपं येतात, घुबडं येतात."

पेन जरा हळू झालं.

"अन् मंग नदी येते. मगरीच्या पाठीवर पाय देतो, अन् बुडतो. रोज! तिसऱ्या मगरीवर! समोर मगर बुडून राहिली ते दिसत न्हाई का त्याला? एवढा बावळट नट म्या जन्मात पाहिला न्हाई. लिहा, नट बदलावा."

नरसीकरांचे कान तापले. नजर टेबलक्लॉथवर गेली. तिथून मनातल्या मनात ती वायरीबरोबर भिंतीवर चढली, गच्चीवर गेली, खांबावरच्या जोडापाशी पोचली आणि तिथून चार फाट्यांनी चार घरांत उतरली. आपण रोज दुपारी दार लावून, पडदे ओढून, चार घरांसमोर बुडत होतो!

"लिहा ना," शेषराव म्हणाले.

"तसं नसतं हो," नरसीकरांच्या तोंडून गेलं. "तिसरी मगर फार थोडा वेळ वर असते. बघणाऱ्याला सोपं वाटतं."

"तुमी कवा पाहिली?"

"नाही. मी... आपला अंदाज."

आणि त्या पापभीरू माणसानं, स्वतःच्या हातानं, स्वतःविरुद्धचा अर्ज पुरा केला. 'सदर नट अत्यंत अकार्यक्षम असून त्याजमुळे नागरिकांची गैरसोय होत आहे.' भाषा इतकी कडक झाली की शेषरावांनी ती दोनदा वाचून घेतली. अर्जाची भीती नरसीकरांना नव्हती. एखादा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला किती दिवस लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांना सलत होतं ते 'बावळट'.

जाता जाता राठोड सर म्हणाले, "आमची आई म्हणते, ते दोघं भाऊ हायत."

"कोण दोघं?"

"टोपीवाले. पहाटं पाणी भरायच्या टायमाला पण मालिका लागते. आईला तांड्याची सवय, कोंबड्याच्या आधी उठून टीव्हीपुढं बसते. म्हणते, पहाटचा लई हुशार हाय. झपाझप नदी पार करतो, पार किल्ल्यावर जातो. तो थोरला. दुपारचा धाकटा, त्याला जमत न्हाई बिचाऱ्याला."

पहाटेचा? नरसीकरांना त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या वायरीत हा दुसरा कोण शिरला?

नळाला पाणी पहाटे पाचला यायचं. वहिनी उठल्या, मागच्या दारी गेल्या, पिंप लावल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. नरसीकर रात्री आतल्या खोलीत झोपायचे; तिथून ते कुबडी घेऊन, भिंत धरून, दम रोखून बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत आले.

पालथ्या बादलीवर, पदर खोचून, प्रेमावहिनी बसल्या होत्या. हातात रिमोट. दोन्ही अंगठे शिवणयंत्राच्या सुईसारखे चालले होते. टोपीवाला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी मगर अशा टणाटण उड्या मारत पलीकडच्या काठावर गेला. मागच्या दारी पिंप भरून पाणी वाहत होतं.

"तू?" नरसीकर म्हणाले.

वहिनी दचकल्या, पण अंगठे थांबले नाहीत. "एक मिनिट. घुबड येतंय."

घुबड गेल्यावर त्या वळल्या. "मला कशाला डोळे वटारता? टेबलक्लॉथखाली वायर कोणी जोडली? झाडताना दिसली मला. म्हटलं, जोडलीच आहे तर पाणी भरेपर्यंत बसावं."

जप्तीचं भाषण दोघांनाही आठवलं असावं. मग नरसीकर पलंगाच्या कडेला टेकले आणि त्यांनी वायरीची, चार घरांची, थोरल्या-धाकट्याची सगळी हकीकत सांगितली. वहिनी पदर तोंडात धरून हसत राहिल्या. हसू आवरल्यावर त्यांनी लगेच वायर उपसून काढली.

"संपलं. आता कोणाला कळायला नको," त्या म्हणाल्या.

पण संपायचं नव्हतं. त्यानंतर ना पहाटेचा दिसला ना दुपारचा, आणि तिसऱ्या दिवशी राठोड सर उतरल्या चेहऱ्यानं आले.

"आई ऐकून न्हाई राहिली, साहेब. उद्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचं शिबिर हाय. नंबर लागला हाय. आता चुकला तर पुन्हा पावसाळ्यानंतर. अन् ती म्हणते, न्हाई जात. डोळ्याला पट्टी बांधतील, मंग धाकट्याचं काय झालं ते कसं दिसंल? धाकटा पार झाला की मी निघते, म्हणते. आता मालिकाच बंद. काय सांगू तिला?"

"अहो, मालिकेसाठी कोणी डोळा घालवतं का?"

"ती म्हणते, लेकरू रोज बुडून रोज पुन्हा येतं. त्याला पाठ कशी दावू?"

नरसीकरांनी चादरीच्या सुरकुत्या सरळ केल्या. ऑफिसात बावीस वर्षं झाली, त्यांच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

"उद्या दुपारी लावून बघा टीव्ही," ते म्हणाले. "माझा अंदाज आहे, लागेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या वेळेला शिकवणी झाली. गच्चीची वायर सोडवून ठेवली होती, म्हणजे सराव गल्लीला दिसणार नव्हता. वहिनी बादलीवर, नरसीकर पलंगावर.

"अहो, उडी मारताना डोळे मिटू नका."

"मी मिटत नाही."

"मिटता. आणि खांदे उचलू नका. तुम्हाला नाही उडायचं, त्याला उडायचंय!"

नरसीकरांनी मान डोलावली आणि खांद्यांसकट नदीत गेले.

दुपारी वहिनींनी क्लासला सुट्टी दिली. वायर जोडली, पडदे ओढले. पलीकडे राठोड सरांच्या घरी रंगीत टीव्हीपुढं जमनाबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. दाराशी ऑटो उभा होता. शेषराव होते, ओळीतली बाकीची माणसं होती. मधली भिंत इतकी पातळ की सगळं ऐकू येत होतं.

"आला! धाकटा आला!" भिंत बोलली.

झुडपं गेली, घुबडं गेली, नदी आली. पहिली मगर. दुसरी. तिसरी... "अरारारा!" अख्खी भिंत कळवळली.

दुसरा जीव दुसऱ्याच मगरीवर गेला. "आज काहून असा करून राहिला?" शेषरावांचा आवाज. "घाबरला. कोणीतरी पाहून राहिलं हाय त्याला."

आणि मग जमनाबाईचा, बारीक, देवाला सांगितल्यासारखा: "सावकास, बाबा. सावकास जा."

ऑटोवाला बाहेर भोंगा वाजवत होता. शेवटचा जीव नदीच्या काठावर उभा होता. नरसीकरांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि रिमोट वहिनींच्या हातात दिला. शिडीवरून पडतानासुद्धा एवढं खाली आल्यासारखं त्यांना वाटलं नव्हतं.

वहिनी बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी अंगठे टेकवले. पहिली, दुसरी. तिसऱ्या मगरीवर त्या क्षणभर थांबल्या, अगदी धाकट्यासारख्या. मग चौथी, पाचवी, आणि काठ.

पलीकडे असा कल्ला झाला की टांगलेल्या तसबिरी हलल्या. पाठोपाठ पावलं वाजली. "नरसीकर! पार झाला, पार झाला!" म्हणत शेषराव कडी न लावलेलं दार लोटून आत आले.

तेवढ्या अवधीत वहिनींनी रिमोट नवऱ्याच्या मांडीवर टाकला होता आणि त्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

शेषरावांनी टीव्ही पाहिला. काठावर करड्या टोपीचा बुटका नाचत होता. मग रिमोट पाहिला. मग नरसीकर. एसटीच्या कंट्रोलरला आयुष्यात पहिल्यांदा घोषणा सुचेना.

"म्हणजे टॉवर तुमच्या घरात?" अखेर ते म्हणाले. "तो बावळट तुमी? अन् अर्जही तुमीच लिहिला?"

मागून सगळे आले. जमनाबाई राठोड सरांचा हात धरून, चाचपडत, पलंगापाशी आली. सरांनी तिला तांड्याच्या गोरमाटी बोलीत दोन वाक्यांत सांगितलं. ती वाकली, तिनं नरसीकरांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"लई चांगला पळालास आज," ती म्हणाली. "निघते मी."

नरसीकरांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज आला. त्यांनी तोंड मिटलं.

ऑपरेशन बिनतक्रार झालं. पुढच्या दोन आठवड्यांत अँटेना उभी राहिली, शेषरावांनी टॉवरवाल्यांच्या दारात जाऊन अर्ज परत मागितला, पण तो अजून आवकच्या टेबलावरूनच निघाला नसल्यानं मिळाला नाही. गल्लीत नरसीकरांचं नाव झालं होतं. आजारपणात एका म्हातारीच्या डोळ्यासाठी नदी पार करणारा माणूस! पण त्या नावानं त्यांना चैन पडत नव्हतं. कोणी कौतुक केलं की उशी सरळ करायचे, पाण्याचा तांब्या सरकवायचे. एकदोनदा खरं सांगायला गेलेही, पण वहिनी नेमक्या तेव्हाच चहा घेऊन यायच्या.

मग एका दुपारी जमनाबाई आली. काळा चष्मा काढून तिनं नवा, जाड भिंगांचा चष्मा लावला होता. मागं राठोड सर आणि अर्थातच शेषराव.

"दाव मला तो," ती म्हणाली. "आता नीट दिसतं."

नरसीकरांनी यंत्र लावलं. राठोड सरांचा रंगीत टीव्ही मुद्दाम उचलून आणला होता. जमनाबाई जवळ सरकून बसली आणि बराच वेळ निरखत राहिली.

"रूप्या, हा माणूस कुठं हाय?" ती सरांना म्हणाली. "ह्या तर चौकोनी चौकोनी टिकल्या हायत. नाक न्हाई, डोळे न्हाईत. ह्याच्यासाठी मी रडले व्हय?"

मोतीबिंदूत तिला जो दिसला होता, तो इथल्या कोणालाच कधी दिसला नव्हता.

"बरं, पळव तरी," ती म्हणाली. "पाहू."

नरसीकरांनी पळवला. झुडपं, घुबडं, नदी. खांदे उचलले, डोळे मिटले आणि तिसऱ्या मगरीबरोबर गेले तळाला. पुन्हा एकदा. पुन्हा तसंच.

जमनाबाईचा चेहरा उजळला. तिनं त्यांच्या प्लॅस्टरवर थाप मारली. "हां! आता ओळखलं. तूच तो, धाकटा!" मग तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. "मंग त्या दिवशी पार झाला तो थोरला व्हता. पाऊल वळखते मी. तो कोण?"

शेषरावांनी नरसीकरांकडे पाहिलं. नरसीकरांनी, जन्मात पहिल्यांदा न चुळबुळता, रिमोट पुढं धरला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

प्रेमावहिनी ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. त्यांनी मागच्या दारची बादली आणून पालथी घातली.

"सरका जरा," त्या शेषरावांना म्हणाल्या.